शाळांचा इतिहास, संडासापासून

सर कुठल्याही जुन्या शाळेत शिरले की आधी संडास बघायचे. आम्हाला घेऊन आलेला गावच्या कचेरीतला माणूस दारात कमरेत वाकून, दोन्ही हातांनी व्हिजिटिंग कार्ड पुढे करून उभा असायचा आणि सर त्याला वळसा घालून केव्हाच व्हरांड्याच्या टोकाला पोचलेले असायचे. तिथून आवाज यायचा, "अगं ये इकडे! मुलींचं दार नंतर पाडलंय! खिळे बघ, वेगळे आहेत!" मी त्या माणसाचं कार्ड घ्यायची, त्याच्याइतकीच वाकायची आणि जपानीत सांगायची, की प्राध्यापक महाशय पाहणीला तातडीने लागलेले आहेत.

"इमारत कधी बांधली ते कुठल्याही पाटीवर सापडेल," सर म्हणायचे. "पोरींनी शाळेत यावं असं गावाला कधी वाटलं, ते फक्त इथे कळतं. पाट्या मुख्याध्यापक लिहून घेतात. संडासाबद्दल कोणी लिहून घेत नाही, म्हणून तो खरं बोलतो."

मुख्याध्यापक या जमातीवर त्यांचा विशेष राग होता. जपानमधल्या खेड्यातल्या शाळेत शिरलं, की भिंतीवर छताजवळ आजवरच्या मुख्याध्यापकांचे फोटो रांगेने लावलेले असतात. सगळ्यांच्या मिशा सारख्या, कॉलर सारखी आणि चेहऱ्यावर पोट बिघडल्याचे भाव. सर त्या रांगेखाली उभे राहून म्हणायचे, "लाकडाला लागणाऱ्या किडींची यादी केली ना, तर यांना मी वाळवीच्या वर घालीन."

किडींची यादी करणं हाच त्यांचा पोटापाण्याचा धंदा होता. टोकियोजवळच्या एका संस्थेत ते जुन्या इमारतींमधलं लाकूड कसं कुजतं याचा अभ्यास करत. जपानात येऊन त्यांना तीस वर्षं झाली होती. मी तिथे नुकतीच पोस्टडॉक म्हणून लागले होते; लाकडातला ओलावा मोजायची. टोकियोतल्या हिगाशी-कसाईत आमचं बिऱ्हाड. नवरा एका बँकेच्या आयटीत, मुलगी पहिलीत. संस्थेत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. पण सरांनी मला आपल्या कामावर ओढलं ते मराठीसाठी नव्हे, जपानीसाठी.

सरांचं जपानी अस्खलित होतं आणि ऐकवत नव्हतं. ते भाषा वर्गात शिकलेच नव्हते. उत्तरेकडच्या डोंगरातल्या गावांमध्ये इमारती तपासत हिंडताना, चुलीपाशी बसलेल्या म्हाताऱ्यांकडून ती त्यांनी उचलली होती. त्यामुळे संस्थेच्या बैठकीत, काळ्या सुटातल्या अठरा माणसांपुढे, संचालकांनी अत्यंत आदराने काही विचारलं की सर मान डोलवून "न्दा, न्दा" म्हणायचे. हा तिकडच्या खेड्यातला होकार. मुंबईत एखाद्या बँकेच्या बोर्डापुढे कोणी "व्हय बाबा, म्या बघतुया" म्हणावं, तसं ते वाटायचं. संचालक डोळे मिटून घ्यायचे. मग ठरलं, की सरांनी अहवाल सांगायचा आणि तो माणसांच्या जपानीत मी लिहायचा. सर मला "दुभाषी" म्हणायला लागले. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, याची मला शेवटपर्यंत खात्री नव्हती.

दोन हजार अकराच्या मार्चमधल्या त्या मोठ्या भूकंपानंतर सरांकडे एक काम आलं. उत्तरेकडच्या एका डोंगरी तालुक्यात सात जुन्या लाकडी शाळा होत्या. बहुतेक मुलांअभावी आधीच बंद पडलेल्या, पण गावं त्या सभेला, सणाला, लग्नाच्या जेवणाला वापरत. भूकंपाने त्या हलल्या होत्या. प्रत्येकीपुढे 'सुरक्षित' किंवा 'असुरक्षित' एवढंच लिहायचं होतं. एक दिवस एक शाळा, म्हणजे आठवड्याचं काम. सरांनी सव्वा वर्ष लावलं.

कारण ते शाळांचा इतिहास लिहायला लागले. अधिकृत इतिहास होताच. प्रत्येक गावचा एक जाडजूड ग्रंथ, सुरुवातीला मुख्याध्यापकांचे फोटो. सरांना तो नको होता. शाळा देवळात भरायची, मग गावाने आपापल्या रानातली झाडं तोडून, आपल्याच खांद्यावर वाहून आणून ती बांधली, इथपर्यंत त्यांना मान्य होतं. पुढे ते जमिनीवर पालथे पडायचे. फरशीच्या फळ्यांना नाक लावून "तांदळाच्या कोंड्याने घासलीय, रोज, पोरांनीच" असं जाहीर करायचे. जिन्याच्या पायऱ्या कुठल्या बाजूला झिजल्यात ते मोजायचे. एका शाळेत पायऱ्यांची फक्त चढायची बाजू झिजली होती. "उतरताना पोरं कठड्यावरून घसरत होती," सर आनंदाने म्हणाले. "लिही. हे कुठल्याही ग्रंथात नाही."

गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ते एकच प्रश्न विचारायचे: "सगळ्यात जास्त मार कोणाला बसायचा?" हा प्रश्न ऐकून ऐंशी-नव्वदीची माणसं सरसावून बसायची. तालुक्याच्या कचेरीने दिलेल्या प्रश्नावलीतल्या एकाही प्रश्नाला त्यांनी तशी उत्तरं दिली नव्हती.

स्वतः सर कराडकडच्या खेड्यातले. त्यांची शाळा गावच्या सोसायटीच्या खताच्या गोदामात भरायची आणि पोरं युरियाच्या पोत्यांवर बसायची. सर सहा फुटांच्या वर होते. "त्याचंच फळ आहे," असं ते परदेशी पाहुण्यांना गंभीरपणे सांगायचे आणि मला त्याचं भाषांतर करावं लागायचं.

एकदा हिगाशी-कसाईतल्या आमच्या दिवाळीच्या कार्यक्रमात मी त्यांना बोलावलं. तिथल्या मराठी मंडळाने विषय दिला होता, 'जपानी शिक्षणाचा वारसा'. समोर साठ-सत्तर मुलं, मागे जरीच्या साड्यांतल्या आया. सरांनी वारसा म्हणून एकच गोष्ट सांगितली: पूर्वी मस्ती केली की पोराला पाण्याच्या बादल्या देऊन व्हरांड्यात उभं करत, आणि बादल्या टेकवल्याचे गोल वळ फरशीवर अजून दिसतात. "म्हणजे पोरं टेकवत होती! गुरुजी वळले की टेकवायची, आले की उचलायची!" मग त्यांनी सभागृहातल्या दोन बादल्या मागवल्या आणि वजन मांडीवर कसं घ्यावं, म्हणजे गुरुजींना कळत नाही, याचं प्रात्यक्षिक दिलं. मुलं "सुगोई!" म्हणजे 'भारीच!' म्हणून ओरडली. माझी मुलगी सगळ्यात मोठ्याने.

"सर, मुलांपुढे काहीतरी चांगला आदर्श ठेवा ना," मंडळाच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

"ठेवला की. तुम्ही उभ्या राहून बघा तासभर," सर म्हणाले आणि बादली त्यांच्यापुढे धरली. त्यानंतर मंडळाने वक्ते ठरवताना मला विचारलं नाही.

त्यांचं पुस्तक कधीच छापलं गेलं नाही. प्रकाशक तयार होता, पण पहिलं प्रकरण संडासांवर होतं आणि ते मागे न्यायला सर तयार नव्हते. निवृत्तीनंतर ते ग्योतोकुला राहायला गेले. हस्तलिखिताच्या झेरॉक्स त्यांनी सातही गावांना पाठवल्या. सहा गावांनी आभाराचं पत्र पाठवलं. सातव्या गावाने पत्राऐवजी चुकांची यादी पाठवली. सर ती यादी पाहुण्यांना वाचून दाखवायचे.

मला सांगायचं आहे ते या सातव्या गावाबद्दल.

शेवटच्या दरीत, एका डब्याची गाडी जिथे संपते तिथून पुढे अर्धा तास, ती शाळा होती. सातांतली सगळ्यात जुनी. भूकंपात गावचं नवं सिमेंटचं सभागृह तडकलं आणि ही तशीच उभी राहिली. सर तिच्या प्रेमात पडले. पहिल्याच भेटीत, चार तास खांबांना थोपटून झाल्यावर, त्यांनी गावकऱ्यांना सांगून टाकलं, "ही तुम्हाआम्हाला सगळ्यांना पुरून उरेल." मी म्हटलं, सर, अजून जमिनीखालचं बघायचंय. "बघू गं," म्हणाले. गावाने त्या शरद ऋतूत आपला सण तिथेच करायचं ठरवलं. आईचा पुण्याहून फोन आला, की तिकडचं काही खाऊ नकोस, अणुभट्टीचं विष असतं त्यात. मी त्या दिवशी त्या शाळेत तीन वाट्या मश्रूमचा रस्सा प्यायले होते.

दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही शेवटच्या तपासणीला गेलो. सरांचं हत्यार म्हणजे लोकर विणायची एक लांब सुई. संस्थेकडे जर्मन यंत्र होतं, पण सरांचा सुईवर विश्वास. लाकडात ती दाबायची. चांगलं लाकूड तिला अडवतं. सर जमिनीखाली सरपटत गेले. त्यांचे फक्त मोजे दिसत होते. मी बाहेर वही घेऊन बसले. "चांगलं," आतून आवाज यायचा. "चांगलं. चांगलं." मग बराच वेळ काहीच नाही.

"सर?"

"बॅटरी दे."

ते बाहेर आले तेव्हा केसांत कोळिष्टकं होती आणि चेहरा उतरला होता. पायाच्या दगडांवर एक लांब लाकूड आडवं असतं, सगळी भिंत त्याच्यावर उभी असते. अंगणाच्या बाजूच्या त्या लाकडात सुई मुठीपर्यंत गेली होती. भूकंपात वरची पन्हळ निसटली होती. ते वर्षभर कोणाच्या लक्षात आलं नाही. पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं सगळं पाणी तिथेच मुरत राहिलं.

"मी पहिल्या दिवशीच आत जायला हवं होतं," सर म्हणाले. "खांब थोपटत बसलो. मुख्याध्यापकासारखं वागलो."

त्यांना यापेक्षा मोठी शिवी माहीत नव्हती.

'असुरक्षित' लिहिलं, की शाळेला कुलूप आणि वसंतात पाडापाडी, हे कचेरीने आधीच कळवलं होतं. परतीच्या गाडीत मी लॅपटॉप उघडून अहवाल लिहायला घेतला. जपानी ही फार सोयीची भाषा आहे. वाक्याच्या शेवटी दोन-तीन शब्द लावले, की धोका आहे असं म्हणताही येतं आणि म्हटलं नाही असंही म्हणता येतं. मी लिहिलं, आणि मुकाट्याने त्यांच्यापुढे सरकवलं.

सर लिंबाचं लोणचं लावून ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, खात होते. त्यांनी वाचलं. "छान आहे. आता यात खोटं कुठे ठेवलंयस तेवढं दाखव."

"खोटं नाही, सर. सौम्य केलंय."

"सुई आत गेली, दुभाषी. ती काय सौम्यपणे गेली?"

"पण पाडतील ती."

"पाडतील," ते म्हणाले. घास तसाच हातात राहिला. "आणि नाही पाडली, आणि सणाच्या दिवशी शंभर माणसं आत असताना जमीन हलली तर? तेव्हा लावशील का वाक्याच्या शेवटी काही?"

मी 'असुरक्षित' लिहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्यांनी ते लोणच्यावर ढकललं.

पुढच्या महिन्यात गावाने आम्हाला बोलावून घेतलं. शाळेच्या अंगणात तीस-चाळीस माणसं जमली होती. गावचा प्रमुख ताठ उभा होता. वर्षभर तुम्ही हिची स्तुती केलीत, तो म्हणाला, आमचा रस्सा प्यालात, आणि शेवटी सुई खुपसलीत. सर त्यांच्याच बोलीत म्हणाले, "आधीच खुपसायला हवी होती. चूक माझी. पण कुजलंय ते कुजलंय." आणि कमरेत वाकले. मी त्यांना इतकं खाली वाकलेलं कधी पाहिलं नव्हतं. वर यायला त्यांना खांबाचा आधार घ्यावा लागला.

मग त्यांनी सांगितलं, की फक्त एक लाकूड गेलंय. भिंतीच्या फळ्या काढून ते बदललं, तर 'असुरक्षित'चा कागद फिरवता येईल. गावात एक सुतार होता, पंचाहत्तरीचा, कमी बोलणारा. त्याने वाकून बघितलं आणि म्हणाला, "लाकूड माझ्याकडे आहे. माणसं लागतील." माणसं समोरच होती. प्रमुखाने सगळ्यांकडे बघितलं. तालुक्याच्या कचेरीतून आलेल्या माणसाने विचारलं, किती दिवस? दहा, सुतार म्हणाला.

"फळ्या काढनार?" मागून आवाज आला. "कंच्या?"

एक आजी पुढे आल्या. नव्वदीच्या, कमरेत काटकोनात वाकलेल्या, हाताने एक ढकलगाडी पुढे रेटत. त्यांची बोली माझ्या डोक्यात आमच्या साताऱ्याकडच्या बोलीतच उतरते, म्हणून तशीच लिहिते.

सरांनी खिडकीखालच्या फळ्या दाखवल्या. आजी तिथे गेल्या, ढकलगाडी सोडली आणि एका फळीवर बोटं फिरवू लागल्या. "हितं," त्या म्हणाल्या. "वाचा."

मी गुडघ्यांवर बसले. लाकडावर खिळ्याने ओरखडलेलं काहीतरी होतं. छपराच्या आडोशाला असल्याने टिकलेलं. साधी, मुलांना पहिल्यांदा शिकवतात ती अक्षरं, पुन्हा पुन्हा. काही उलटी. दोन फळ्या भरून. आणि शेवटी एक वाक्य: 'सेन्सेइ उमा'.

जपानीत उमा म्हणजे घोडा. गुरुजी घोडा.

"हसायचाच तसा," आजी म्हणाल्या.

गोष्ट अशी होती, की आई शेतावर जाई म्हणून धाकटा भाऊ यांच्या पाठीवर बांधलेला असे. तो वर्गात रडला, म्हणून गुरुजींनी दोघांना बाहेर काढलं. घरी सांगितलं असतं तर शाळाच बंद झाली असती. म्हणून त्या दोन वर्षं रोज शाळेला म्हणून निघाल्या आणि या खिडकीखाली उभ्या राहिल्या. आत गुरुजी फळ्यावर लिहीत, या बाहेर भिंतीवर लिहीत.

"आनि त्यो भाऊ?" सरांनी विचारलं.

आजींनी खिडकीतून आत बोट केलं. भिंतीवर फोटोंची रांग होती. "शेवटून दुसरा. हेडमास्तर झाला हितंच. पाठीवर मुतायचा माझ्या. आता बघा कसा बसलाय."

सगळं अंगण हसलं. सर हसले नाहीत. ते त्या फळ्यांपुढे मांडी घालून बसले. सव्वा वर्ष त्यांनी या शाळेच्या आतला इंच न् इंच हुंगला होता, जिने, उंबरे, संडास. बाहेरून भिंत वाचायचं त्यांना सुचलं नव्हतं. "तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" ते म्हणाले.

"तुमी इचारलंत मार कुनाला बसला," आजी म्हणाल्या. "मला न्हाई बसला. मी आत कुटं हुते?"

काम सप्टेंबरात झालं. मी रजा काढून शेवटच्या दिवशी गेले. भिंत दोऱ्यांनी आणि टेकूंनी तोलून धरली होती, कुजलेलं लाकूड बाहेर पडलं होतं, नवं बसलं होतं. सर गावकऱ्यांबरोबर दोरी ओढून हात सोलवून बसले होते. फळ्या लावायच्या राहिल्या होत्या. कचेरीतला माणूस म्हणाला, लिहिलेल्या फळ्या तालुक्याच्या संग्रहालयात काचेखाली ठेवू. सरांना ते पटलं होतं. ते आजींना विचारायला गेले.

"न्हाई," आजी म्हणाल्या. "आत लावा. वर्गात."

सुताराने तोंडातले खिळे काढले. "बाहेरची फळी आत लावत नाहीत. मी कधी लावली नाही."

"मला आत यायला ऐंशी वर्सं लागली," आजी म्हणाल्या. "तुला एक फळी फिरवाया काय हुतंय?"

सुतार त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान होता. त्याने खिळे परत तोंडात घातले. बाहेर नव्या फळ्या लागल्या आणि जुन्या, लिहिलेलं वर्गाकडे करून, खिडकीखाली आतल्या अंगाला बसल्या. गुरुजींच्या टेबलासमोर बरोबर 'गुरुजी घोडा'. वर फोटो होतेच.

मग आजींना आत आणायचं ठरलं. दारात त्यांनी चपला काढल्या आणि त्या ठेवायला चपलांच्या कपाटात खण शोधू लागल्या. गावच्या बायकांनी एक रिकामा करून दिला. सरांनी पहिल्या रांगेतलं बाक आपल्या शर्टाच्या बाहीने पुसलं. आजी सावकाश आल्या, बाकावर बसल्या, दोन्ही हात पुढ्यात ठेवले. प्रमुख टोपी काढून उभा होता. सरांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं आणि त्यांना ते कळतही नव्हतं.

आजींनी फळा बघितला. छत बघितलं. भाऊ बघितला. आपली अक्षरं बघितली. पायाखालची फरशी तळव्यांनी चाचपली.

"आत लई गार हाय की," त्या म्हणाल्या. "भाईर ऊन तरी हुतं."

आणि उठल्या.

कचेरीतला माणूस गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. त्याने कॅमेरा आणला होता. सर मात्र हसायला लागले, असे की त्यांना खोकला आला आणि सुताराने त्यांच्या पाठीत थापा मारल्या. ते डोळे पुसत, अनवाणीच, आजींच्या मागे अंगणात गेले. त्या पायरीवर उन्हात बसल्या होत्या. सर त्यांच्या शेजारी उकिडवे बसले, मला हातानेच वही आण म्हणून खुणावलं आणि म्हणाले, "बोला. काय काय दिसायचं इथून?"